अकरा महिन्यांचे घर, बारा वर्षांचे मांजर

आमच्या घराच्या भाडेकरारात एकोणीस कलमे आहेत. करार इंग्रजीत असतो. दर वेळी एजंट तो छापून आणतो, आम्ही त्याच्या यंत्रावर अंगठे ठेवतो आणि कागद कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो. तिथे त्याच्या सोबतीला गॅसचे पुस्तक आणि लेकीच्या लसीकरणाचे कार्ड असते. हा करार आमच्या घरात पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत कोणी वाचला असेल तर तो पाचवीतल्या लेकीने. चौदाव्या कलमावर बोट ठेवून ती म्हणाली, ‘‘आई, इथे ‘नो पेट्स’ लिहिलंय. मग आपण सही कशाला केली?’’

खरे उत्तर सोपे होते, आम्ही वाचलेच नव्हते. आणि वाचले असते तरी सही केलीच असती, कारण भाडे परवडत होते आणि पाणी रोज येत होते. भाड्याचे घर शोधणाऱ्याची नजर पाण्याच्या वेळेवर आणि डिपॉझिटच्या आकड्यावर असते. चौदाव्या कलमापर्यंत ती पोचत नाही.

आम्ही काल्हेरला राहतो. ठाण्याहून बाळकुम मागे टाकून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो. आधी कशेळी, मग आमचे काल्हेर, पुढे पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे आणि गोदामांच्या मधूनमधून उभ्या राहिलेल्या इमारती. मुंबई-ठाण्याच्या घरांत जी खोकी येऊन पडतात, त्यांतली बरीचशी आधी आमच्या दारावरून कंटेनरमधून जातात. लेकीचे बाबा अशाच एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर सुपरवायझर आहेत. त्याआधी आम्ही कळव्याला होतो, मग बाळकुमला. भाडे वाढत गेले तसे सरकत सरकत खाडीपलीकडे आलो. आठ वर्षांत हे तिसरे घर आणि लेकीची दुसरी शाळा.

शाळा सकाळची असते. दीड वाजता ती घरी येते, गळ्यातल्या किल्लीने दार उघडते, झाकून ठेवलेले जेवते. मी ठाण्याच्या ऑफिसातून शेअर रिक्षाने घरी पोचेपर्यंत सात वाजतात. शेजारच्या काकूंचे लक्ष असते, फोन असतो, पण घरात तिच्याशिवाय कोणी नसते. तेव्हा तिने कुत्रा मागितला यात नवल काही नव्हते. नवल असलेच तर इतक्या उशिरा मागितला, याचेच.

कुत्रा नाही म्हटल्यावर पोपट. पोपटाला मी कायदा दाखवला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. ‘‘मग गावाला एवढे पिंजरे कसे?’’ यावर मी गप्प बसले. मग आले कासव. दुकानात मिळणारी ती लाल कानपट्टीची परदेशी कासवे विकत घेताना रुपयाएवढी असतात आणि वाढून जेवणाच्या ताटाएवढी होतात. कंटाळून माणसे ती तळ्यात सोडून देतात आणि तिथल्या देशी कासवांच्या मुळावर येतात. तेही नको म्हटले. शेवटी गप्पी मासे आले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपली आरोग्य केंद्रे हे मासे पाळतात आणि मागणाऱ्याला फुकट देतात. चार मासे बरणीतून घरी आले. आठवडाभर तिने त्यांना पिठाचे कण घातले आणि एका संध्याकाळी मला म्हणाली, ‘‘आई, हे माझ्याकडे बघतच नाहीत.’’

गेल्या जुलैत ती रविवारी बाबांबरोबर गोदामात गेली आणि येताना रेनकोटात मांजराचे पिल्लू घेऊन आली. गोदामात उंदीर फार. पोती कुरतडतात, खोकी पोखरतात, म्हणून तिथे एकदोन मांजरे असतातच. हजेरीपटावर त्यांचे नाव नसते, पण त्यांच्यावाचून कोणाचे चालत नाही. पिल्लू गॅलरीत, जुन्या मिक्सरच्या खोक्यात राहिले. दुसऱ्या दिवशी मला कळले, कारण दूध संपायला लागले होते. (मांजराच्या पिल्लाला गाईचे दूध पचत नाही, हे मला नंतर समजले. तिलाही.) कळूनही मी दोन दिवस न कळल्यासारखे केले. एरवी मी सातला बेल वाजवली की ती धावत दार उघडायची. त्या दोन दिवसांत तिला उशीर लागत होता. ती कामात होती.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. कोणी सांगितले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्याच संध्याकाळी पिल्लू गोदामात परत गेले. वॉचमनने ‘‘मी बघतो, बेटा’’ म्हणून शब्द दिला. ती रडली नाही. रात्री जेवताना फक्त एवढेच म्हणाली, ‘‘नामदेवांचं घर स्वतःचं होतं ना?’’ आजीने तिला ती गोष्ट सांगितली होती. कुत्रा कोरडी भाकरी पळवून नेतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, ती.

त्यानंतर तिने प्राणी मागितला नाही, सायकल मागितली नाही, शाळेच्या सहलीचेही नाव काढले नाही. सहलीची चिठ्ठी मला तिच्या दप्तरात तारीख उलटून गेल्यावर सापडली. ‘‘तुम्ही नाहीच म्हणाला असतात,’’ ती म्हणाली. मी हो म्हणणार होते, हे आता कोणाला सांगायचे?

म्हणून मी हा विषय जरा मनावर घेतला. भाड्याच्या घरात प्राणी नको, हे आले कुठून?

माझे आजोळ परळच्या चाळीतले, पागडीची खोली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्या भाडेकरूंना सहजासहजी हलवता येत नव्हते. आजोबांनी घेतलेल्या खोलीत नातवंडांची लग्ने झाली. तिथे मांजर असे, पण ते कोणाचे हा प्रश्न कधी निघत नसे. ते मजल्याचे असे. सकाळी एका दारात, दुपारी मासळीचा वास येईल त्या दारात. एकदा त्याचा पाय जिन्याच्या दारात सापडला, तेव्हा मामा आणि शेजारचे दोघे त्याला पिशवीतून बैलघोडा हॉस्पिटलात घेऊन गेले होते. चाळीत फार प्रेमळ माणसे राहत होती असे मी म्हणणार नाही. नळावर तीच माणसे एकमेकींच्या बादल्या लाथाडत. पण कोणी कुठे जाणार नव्हते, आणि मांजरालाही ते ठाऊक असावे.

त्या कायद्याची दुसरी बाजू मालकांनी सोसली. दिलेली खोली परत मिळत नाही याची त्यांनी धास्ती घेतली, ती आजतागायत. त्या धास्तीतून ‘लिव्ह ॲण्ड लायसन्स’ रुजले. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून मुदत अकरा महिन्यांची. पुढे 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने अशा सगळ्याच करारांची नोंदणी बंधनकारक केली, तरी अकराचा आकडा सवयीने राहिलाच. मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर दुप्पट रक्कम भरावी लागते. मालकाच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते. पण आता हिशेब करून पाहा. मांजर बारा वर्षे जगते असे धरले, तर अकरा महिन्यांचे तेरा करार होतात. तेरा वेळा मालकाची मर्जी, तेरा वेळा भाडेवाढ, आणि त्यात तीनचारदा तरी टेम्पो, एजंटची दलाली आणि नव्या दाराला जुने पडदे. मूल आपल्याकडे जे मागते ते बारा वर्षांचे असते आणि आपल्या हातात अकरा महिने असतात. चौदाव्या कलमाचे मूळ मला तरी इथे दिसते. मालकाचा प्राणिद्वेष वगैरे नंतरच्या गोष्टी.

हे बोलले की कोणीतरी जाणकार सांगतोच, ‘‘अहो, कायदा तुमच्या बाजूने आहे.’’ ते अर्धेच खरे आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव करूनसुद्धा सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. केरळच्या उच्च न्यायालयाने 2021 साली निवासी संघटनांच्या अशा अटी बेकायदा ठरवल्या. आणि प्राणिमात्राविषयी दया बाळगणे हे तर 1976 सालापासून राज्यघटनेत नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. पण हे सगळे ज्याचे घर स्वतःचे आहे त्याच्या जास्त कामाचे. भाडेकरू आणि मालक यांच्यातला कागद निराळा. मी उद्या मंडळाच्या सूचनांची प्रत मालकांपुढे ठेवली तर ते वाद घालणार नाहीत. करार संपेपर्यंत थांबतील आणि नवा करणार नाहीत. त्यासाठी त्यांना कारणही द्यावे लागत नाही.

युरोपातल्या देशांनी यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये 1970 सालापासून भाडेकरारातली पाळीव प्राणी नको ही अट मुळातच निरर्थक मानली जाते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 साली कुत्री-मांजरांवरची सरसकट बंदी रद्द ठरवली. प्रत्येक घराचा, प्रत्येक प्राण्याचा विचार वेगळा करा, असे त्याचे म्हणणे. इंग्लंडमध्ये 2025 साली मंजूर झालेल्या कायद्यात भाडेकरूला प्राण्यासाठी परवानगी मागण्याचा हक्क दिला आहे आणि मालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. पण त्याच कायद्याने कारण न देता घर खाली करायला लावण्याची पद्धतही बंद केली, हे लक्षात घ्यायला हवे. जर्मनीतही घराचे करार बहुधा बिनमुदतीचे असतात. राहण्याची शाश्वती आधी, मांजर मागाहून. नुसते मांजराचे कलम तिकडून आणून आमच्या अकरा महिन्यांच्या कागदाला चिकटवले तर ते किती दिवस टिकेल?

या महिन्यात आमचा करार संपतो आहे. मागच्या रविवारी मी लेकीला घेऊन मालकांकडे गेले. मालक गावातले, साठीच्या पुढचे. आमच्या इमारतीत त्यांचे काही फ्लॅट आहेत, पण स्वतः राहतात खाडीकडच्या जुन्या घरात. अंगणात कोंबड्या, मागे चार बकऱ्या. बाहेरच्या खोलीत दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री आणि मागे गाय. पहिल्या वर्षी डिपॉझिटचा चेक आम्ही या तसबिरीखालीच दिला होता. तेव्हा ती गंमत माझ्या लक्षात आली नव्हती.

‘‘काका, ते चौदावं कलम तुम्ही घातलंय का?’’ मी विचारले.

‘‘कुठलं चौदावं? ते एजंटच्या कागदात असतंच, ताई. सगळ्यांना तोच कागद.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘पण असतं ते बरं आहे.’’

आणि त्यांनी सांगितले. आमच्या आधी काही वर्षे, तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब होते. चांगली नोकरदार माणसे, भाडे वेळेवर. त्यांच्याकडे पांढरा केसाळ कुत्रा होता, मुलाच्या वाढदिवसाला आणलेला. एका रात्री त्यांनी सामान टेम्पोत भरले आणि गेले. नव्या घरी प्राणी चालत नव्हता. तिसऱ्या दिवशी टाकी बघायला गेलेल्या माणसाला तो गच्चीवर सापडला, पाइपाला बांधलेला. शेजारी भांडे होते, ते कोरडे.

‘‘मला कुत्र्याचा राग नाय, ताई,’’ मालक म्हणाले. ‘‘सोडून जाणाऱ्यांचा आहे. त्यांना फोन केला, तर म्हणाले, तुम्हीच ठेवा, काका.’’

तो कुत्रा अंगणातच होता. म्हातारा झाला आहे, एका डोळ्यात पांढरे पडले आहे. मी बोलत होते तोवर लेक त्याच्याजवळ जाऊन बसलीही होती.

घरी आल्यावर मी पाहिले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, उपाशीतहानेले राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. दहा रुपयांत आता आमच्या नाक्यावर वडापावसुद्धा मिळत नाही.

त्या कुटुंबाला नावे ठेवायला माझी जीभ मात्र वळत नाही. कळव्याला आमच्या गेटपाशी एक तांबडा कुत्रा असे. आमचा म्हणता येणार नाही असा. पण दोन वर्षे रोज रात्रीची उरलेली पोळी त्याला आम्हीच घातली. लेकीने त्याचे नाव बिस्किट्या ठेवले होते. आम्ही बाळकुमला निघालो त्या दिवशी तो टेम्पोमागे नाक्यापर्यंत धावला. मी लेकीला मांडीवर उलट्या तोंडाने बसवले, दिसू नये म्हणून. ती तेव्हा चार वर्षांची होती. आपण ते विसरून गेलो असे मी धरून चालले होते. परवा मालकांच्या अंगणातून परत येताना तिने विचारले, ‘‘बिस्किट्याला पोळी कोण घालत असेल?’’

मी मालकांना सांगितले होते, की नुसते ‘प्राणी नको’ लिहिण्याऐवजी काय चालेल ते लिहू. एकच मांजर. लशी वेळेवर, सहा महिन्यांचे झाले की नसबंदी. खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी आमच्या खर्चाने. दाराला, भिंतीला ओरखडे पडले तर डिपॉझिटातून कापा, हवे तर डिपॉझिट थोडे वाढवा. शेजाऱ्यांची तक्रार आली तर आधी आम्हाला सांगा. मला वाटते, बऱ्याच मालकांना एवढे पुरेल. त्यांची खरी भीती वासाची, ओरखड्यांची आणि रोजच्या फोनची असते. तिन्हींना उपाय आहेत आणि ते कागदावर येऊ शकतात. एजंटांनी आपल्या तयार कागदातले ते वाक्य निदान वाचून दाखवावे आणि दोन्हीकडे विचारावे. एवढी दलाली घेतात, पाच मिनिटे घालवायला हरकत नसावी.

मालकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘जाळी, डिपॉझिट, ते तुमचं तुम्ही बघा. मला एकच लिहून द्या. जाल तेव्हा बरोबर न्याल. पुढचा मालक नाय म्हणाला तरी.’’

मी लगेच हो म्हणू शकले नाही. पुढचे घर कुठे, ते माहीत नाही. त्याचा मालक कोण, त्याच्या एजंटच्या कागदात कितवे कलम, काही माहीत नाही. सही आजच्या घरासाठी आणि वचन न पाहिलेल्या घरासाठी, असा तो व्यवहार होता. लेकीचे बाबा म्हणाले, ‘‘राहू दे. मोठी होईल, विसरेल.’’ मी त्यांना सहलीच्या चिठ्ठीची आठवण दिली. मग त्या रात्री आम्ही साताऱ्याला माझ्या भावाला फोन लावला. गावचे घर स्वतःचे आहे, गोठा आहे, मांजरांना तोटा नाही. कधी खरेच अडले तर तो आणि वहिनी सांभाळतील असे त्याने कबूल केले, आणि ‘‘आधी मांजर तर आणा’’ म्हणून हसला. मालकांना आम्ही तेही नाव लिहून देणार आहोत. आणि पुढचे घर बघताना पाण्याची वेळ विचारण्याआधी मांजराचे विचारायचे, हेही ठरले. त्यामुळे काही घरे हातची जातील. भाडे थोडे जास्त पडेल. तेवढे आम्ही धरून चाललो आहोत.

वॉचमनने शब्द पाळला आहे. पिल्लू आता पिल्लू राहिलेले नाही. पोत्यांच्या थप्पीवर बसून ते लेकीकडे बघते, पण बोलावले तरी खाली येत नाही. ते आमच्याकडे येईल की नाही, सांगता येत नाही. गोदामात त्याच्यानंतरची तीन पिल्ले आहेत.

सोमवारी संध्याकाळी एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन येणार आहे. नवे चौदावे कलम मी मराठीत लिहून त्याला पाठवले, त्याने इंग्रजी करून आणायचे कबूल केले. लेकीने ते दोनदा वाचले, एक चूक काढली आणि विचारले, ‘‘माझापण अंगठा लागेल ना?’’